हिरवा चहा आणि आपले यकृत

'काळीज' म्हटले की आपण हृदयावर हात ठेवतो. परंतु खाटकाकडे मिळणारी 'कलेजी' म्हणजे यकृत होय. उजव्या बरगड्यांखालचा हा सुमारे दीड किलो वजनाचा अवयव मुकाट्याने राबतो, म्हणूनच त्याचे स्मरण आपणांस राहत नाही. आम्हांस ते एका सहकारी शिक्षकबंधूंमुळे झाले. दारूचा थेंबही न घेणाऱ्या या गृहस्थांच्या यकृतात चरबी साठल्याचे आढळले, आणि गावात नको ती कुजबुज सुरू झाली.

ती कुजबुज अज्ञानमूलक होती. अन्नातील जादा साखर यकृत प्रथम ग्लायकोजेनच्या रूपाने साठविते. हे कोठार लहान असते. ते भरले की उरलेल्या साखरेची चरबी होऊ लागते. मद्याने हा विकार जडतो हे खरे, पण अतिगोड खाण्यापिण्याने व बैठ्या जीवनानेही तो जडतो. पेडणे-डिचोलीचा शेतकरी सकाळी पेज पिऊन दिवसभर शेतात राबे. आपण गोड चहात बिस्किटे बुडवितो आणि खुर्चीत बसतो! २०२१ साली भारत सरकारने असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या विकाराचा समावेश केला, तो उगाच नव्हे.

आमच्या बंधूंना कोणी हिरवा चहा सुचविला, तर कोणी त्याच्या अर्काच्या गोळ्या. यात तथ्य किती?

प्रथम एक खुलासा. आपल्या परसातील गवती चहा तो हा नव्हे. हिरवा चहा नेहमीच्या चहाच्याच झुडपाचा. पाने खुडताच त्यांना वाफ वा आच देतात. त्यामुळे ती काळी पडत नाहीत आणि त्यांतील कॅटेचिन नावाची द्रव्ये टिकतात. १९२९ साली जपानच्या मिचियो त्सुजिमुरा या विदुषीने ही द्रव्ये हिरव्या चहातून वेगळी केली. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसते, की ती आतड्यातून चरबीचे शोषण कमी करतात. शिवाय, पेशीतील इंधन घटल्याची वर्दी देणारे एक विकर ती जागे करतात. मग यकृत नवी चरबी कमी घडविते व साठलेली अधिक जाळते. माणसांवरील प्रयोग लहान आहेत, आणि त्यांत आढळलेला लाभ माफकच आहे.

मात्र गोळ्यांची गोष्ट निराळी. २०१८ साली युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने बजावले, की या द्रव्यांपैकी प्रमुख असे ईजीसीजी गोळ्यांवाटे दिवसाला ८०० मिलिग्रॅम वा अधिक घेतल्यास यकृतास इजा होत असल्याची चिन्हे रक्तात उमटू शकतात. पेल्यातला चहा मात्र सामान्यतः निर्धोक. ज्या यकृतासाठी औषध घ्यावे, त्यालाच ते बाधावे, यापरते दुर्दैव कोणते?

बंधूंनी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्यांचा नाद सोडला, साखर कमी केली आणि पायी शाळेत येऊ लागले. वजन ७ ते १० टक्के घटले तर यकृताची सूजही ओसरते, असे वैद्यकशास्त्र सांगते. विद्यार्थी मित्रहो, बिनसाखरेचा हिरवा चहा खुशाल प्यावा; पण चरबी जाळण्याचे खरे काम आपले पायच करतात. आणि कोणाचे यकृत बिघडले, म्हणून त्याच्या चारित्र्याचा निवाडा करू नये.