भूकंपानंतरची भीती : आजार की शहाणपण?

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून लोक गाढ झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती व वर जड माळवद, अशी घरे कोसळली आणि हजारो माणसे दगावली. वाचलेल्यांपैकी कित्येकजण पुढे छपराखाली झोपेनात. याला अपसामान्य वर्तन म्हणायचे काय?

जमीन पुन्हापुन्हा हादरत होती, तोवर उघड्यावर झोपणे शहाणपणाचेच होते. तेच वर्तन काही वर्षांनी, भक्कम घरातही टिकले आणि त्यापायी झोप, शाळा, कामधंदा बिघडू लागला, तर मात्र ते अपसामान्य ठरते. म्हणजे नुसत्या वर्तनावरून निवाडा करता येत नाही.

भीती टिकते कशी, याची निरनिराळी प्रारूपे आहेत. जैविक प्रारूप मेंदूतील बदामाच्या आकाराच्या अमिग्डलाकडे बोट दाखवते. नीट विचार होण्यापूर्वीच हा भाग धोक्याची सूचना देतो आणि छाती धडधडू लागते. मोठ्या आघातानंतर ही यंत्रणा कधीकधी अतिसंवेदनशील राहते.

वर्तनवादी प्रारूपाचे मूळ पाव्हलॉव्हच्या प्रयोगांत आहे. घंटेच्या आवाजाने कुत्र्याला लाळ सुटावी, तशी ढगांच्या गडगडाटाने मुलाला धडकी भरते. मूल अंगणात पळते, त्याला हायसे वाटते, आणि त्यामुळे पळण्याची सवयच पक्की होते. छप्पर पडत नाही, हा अनुभव त्याला मिळतच नाही! उपाय यातूनच निघतो : आधी दारात, मग ओसरीत, मग खोलीत, पण मुलाच्या कलाने, जबरदस्तीने नव्हे.

बेक व एलिस यांचे बोधनिक प्रारूप मनातील वाक्ये तपासते. ‘मी हाक मारली असती तर आई वाचली असती’ हे असेच एक वाक्य. फ्रॉइडच्या दडपलेल्या इच्छा येथे फारशा कामी येतात असे मला वाटत नाही. सामाजिक बाजू मात्र विसरता येत नाही. भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घर मिळाले तरी जुनी गल्ली, जुना शेजार तसाच मिळतो असे नाही.

शिक्षकाने येथे काय करावे? सॅलोव्ही व मेयर यांनी १९९०मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली : आपली व इतरांची भावना ओळखणे, तिच्यात फरक करणे आणि विचार करताना तिचा उपयोग करणे. १९९५मध्ये गोलमनच्या पुस्तकाने ती घरोघरी नेली. यशाबद्दलचे त्यातले दावे थोडे सैलच आहेत. पण मूळ मुद्दा वर्गात उपयोगाचा आहे. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली भागात झालेल्या भूकंपाचा धक्का नांदेडलाही जाणवला. अशा दिवशी दाराजवळच बसू पाहणाऱ्या मुलाला ‘भित्रा’ म्हटले, तर ते भीती लपवायला शिकते. ‘भीती वाटते ना? कशाची?’ असे विचारले तर ते बोलते. महिना उलटूनही झोप उडालेली असेल, दचकणे थांबत नसेल, तर पालकांना सांगून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावरही विनामूल्य सल्ला मिळतो.