विश्लेषण : घोणस चावल्यावर रक्तस्राव का थांबत नाही?

घोणशीचे विष रक्त गोठवते. तरीही तिच्या दंशानंतर अनेकांच्या हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागते. हा विरोधाभास घडवतात विषातील विकरे, म्हणजेच एन्झाइम.

विकर म्हणजे काय?

रासायनिक अभिक्रिया वेगाने घडवून आणणारे प्रथिन. ते स्वतः खर्च होत नाही. एक बंध तोडून झाला की तोच रेणू पुढच्या बंधाकडे वळतो. म्हणूनच काही मिलिग्रॅम विषही मोठे नुकसान करते.

रक्तात नेमके काय होते?

रक्त गोठवणारे घटक एरवी निष्क्रिय असतात. जखम झाली की ते एकामागून एक जागे होतात. शेवटी फायब्रिनोजेनपासून धागे बनतात आणि गुठळी तयार होते. घोणशीच्या विषातील एक विकर दहाव्या घटकातील ठरावीक बंध तोडून जखम नसतानाच त्याला जागे करते. या विकराच्या केंद्रातील जस्त पाण्याच्या रेणूला सक्रिय करते आणि हे पाणीच बंधावर हल्ला चढवते. मग साखळी विनाकारण सुरू होते, फायब्रिनोजेन संपत जाते आणि खऱ्या जखमेसाठी काहीच उरत नाही. फुरशाच्या विषातील विकर हेच काम प्रोथ्रोम्बिनवर करते.

सूज कशामुळे येते?

फॉस्फोलिपेज ए-टू हे विकर कॅल्शियमच्या मदतीने पेशीच्या आवरणातील मेदाचे रेणू तोडते. उरलेला तुकडा साबणासारखा वागतो आणि आवरण फाटते. मण्यारच्या विषात याच कुळातील विकर मज्जातंतूंच्या टोकांवर घाव घालते. त्यामुळे दंशाच्या जागी फारशी सूज नसतानाही श्वास बंद पडू शकतो.

डॉक्टर कसे ओळखतात?

सुमारे दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर रक्त वाहिले, तर ते गोठत नाही असे समजायचे. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणीही ही चाचणी करता येते.

प्रतिविष काय करते?

घोड्यांच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे विषाला चिकटून त्याचे काम रोखतात. मात्र तुटलेले बंध ती जोडत नाहीत. संपलेले घटक यकृताला नव्याने बनवावे लागतात आणि त्याला काही तास लागतात. मण्यारच्या विषाने निकामी झालेली मज्जातंतूंची टोके सावरायला तर कित्येक दिवस जातात. तोवर रुग्णाला कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागू शकते.

मग काय करावे?

मांत्रिकाकडे घालवलेल्या प्रत्येक मिनिटात विकरे बंध तोडतच असतात. चिरा देऊ नका, घट्ट बांधू नका. दंशाचा हात किंवा पाय न हलवता थेट रुग्णालय गाठा. साप पकडून नेण्याचीही गरज नाही. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरही चालते.