शिलाजीत: घामही नव्हे, डिंकही नव्हे

फेब्रुवारीत परभणीचा उरूस भरला की खेळण्यांच्या, मिठाईच्या दुकानांमध्ये एखादी ताडपत्री हमखास जडीबुटीची असते. मुळ्या, साली, शिंगांचे तुकडे आणि मधोमध एक काळाकुळकुळीत चिकट गोळा. मागे एका विक्रेत्याने त्यातला हरभऱ्याएवढा खडा नखाने तोडून माझ्या तळहातावर ठेवला. उबेने तो मेणासारखा मऊ पडला. वास गोमूत्राच्या जवळ जाणारा. "असली शिलाजीत साहेब, पहाडाचा घाम!" शेजारच्या आजोबांनी लगेच दुरुस्ती केली, "घाम नव्हं, डिंक हाये त्यो."

दोघंही चुकत होते, पण चूक फार जुनी आहे. ती नावातच बसलीय. शिलाजतु म्हणजे दगडातली लाख. चरकसंहितेने याचे चार प्रकार सांगितले, सोनं, रुपं, तांबं आणि लोखंड अशा धातूंवरून, आणि त्यात लोखंडाचा श्रेष्ठ ठरवला. सुश्रुताने ज्येष्ठ-आषाढातल्या उन्हाने तापलेल्या खडकांतून ते स्रवतं, असं नोंदवलं. ऋतू बरोबर. पण धातू वितळून हा रस येत नाही.

प्रयोगशाळेत तपासल्यावर शिलाजितात साधारण 60 ते 80 टक्के ह्युमिक द्रव्यं निघतात, म्हणजे कुजून रूपांतर झालेला वनस्पतींचा अंश. फुल्विक आम्ल त्यातलंच. उंच डोंगरांच्या भेगांत झाडोरा साठतो, सूक्ष्मजीव तो दीर्घकाळ कुजवतात आणि खडकातले क्षार त्यात मिसळतात. मूळ वनस्पती कोणत्या, यावर अभ्यासकांचं एकमत नाही; आपल्या बांधावरच्या शेराच्या कुळातली, चिकाने भरलेली एक हिमालयी वनस्पती त्या यादीत आहे. डिंक झाडाला खाच पाडली की पाझरतो. इथे पाझरणारं झाड कधीच संपलेलं असतं.

परभणीच्या शेतकऱ्याला खरं तर हे समजायला सोपं जावं. कृषी सेवा केंद्रातून आणून ठिबकमधून सोडतो ते काळं ह्युमिक याच घराण्यातलं. ते बहुतेकदा लिग्नाइट कोळशापासून काढतात. (म्हणून ते कुणी चाटून पाहू नये!)

"मग आपल्या डोंगरात का नसावं? ऊन तर आपल्याकडं त्यांच्याहून जास्त." हा प्रश्न मला जिंतूरकडच्या एकाने विचारला होता. ऊन फक्त मऊ करतं, तयार करत नाही. शिलाजीत हिमालय, काराकोरम, अल्ताई, कॉकेशस अशा रांगांमध्ये, बहुधा हजार ते पाच हजार मीटर उंचीवर सापडतं. जिंतूरचे किंवा गंगाखेडकडचे बालाघाटाचे डोंगर म्हणजे लाव्हाचे बुटके थर. पावसाळ्यानंतर त्यांच्या कड्यांवर काळे ओघळ दिसतात, ते बहुतांशी शेवाळाचे आणि दगडफुलाचे. गुहेतला काळा लगदा वटवाघळांच्या विष्ठेचा.

शिलाजीत गोळा करणारे उन्हाळ्यात कड्याच्या उन्हाकडच्या अंगाने, गरज पडली तर दोरावर लोंबकळत, भेगांपर्यंत जातात आणि खरवडून आणतात. हाती येतं त्यात माती, खडे, काड्या आणि कधी प्राण्यांची लेंडीही असते. इथे सगळ्यात धोक्याचा गैरसमज सुरू होतो: कच्चं तेवढं अस्सल. आयुर्वेद स्वतः तसं मानत नाही. कच्चा माल गरम पाण्यात किंवा त्रिफळ्याच्या काढ्यात विरघळवायचा, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निथळ पाणी गाळून आटवायचं. उन्हात आटवलं तर सूर्यतापी, चुलीवर आटवलं तर अग्नितापी. एवढं करूनही खडकातलं शिसं किंवा आर्सेनिक उरू शकतं. वनौषधींत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 10 भाग आहे, आणि ती पाळली गेली की नाही हे यंत्रानेच कळतं.

काडी लावून किंवा पाण्यात टाकून ते कळत नाही. विक्रेत्याने माझ्यासमोर ग्लासात खडा सोडला, तांबूस तंतू तळाकडे उतरले आणि गर्दी खूश झाली. ही परीक्षा ग्रंथांतही आहे. पण करपवलेल्या गुळाचा घट्ट पाकही पाण्यात असाच तंतू सोडतो, आणि उबेने मऊ तर डांबरही पडतं. पाकिटावर आयुर्वेदिक उत्पादनाचा परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक असणं ही निदान पहिली पायरी; ताडपत्रीवर तीही नसते.

हे फक्त पुरुषांचं औषध, हा समज जाहिरातींनी पोसला. लैंगिक शक्ती वाढवण्याचे असे दावे छापायला 1954 च्या चमत्कारी उपायांविषयीच्या कायद्याने मनाई आहे. सुश्रुताने शिलाजीत मधुमेहाच्या प्रकरणात सांगितलंय. लघवीच्या तक्रारींवर वैद्य बायाबापड्यांना देतात त्या चंद्रप्रभा वटीतही ते असतं. गरोदर बाईने किंवा रोजच्या गोळ्या चालू असणाऱ्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

विक्रेत्याने पथ्यही सांगितलं: आंबट नको, तेलकट नको. चरकाने शिलाजीत घेणाऱ्याला नेमकं वर्ज्य सांगितलेलं धान्य म्हणजे कुळीथ, आपला हुलगा. तो दगड फोडतो, हे त्यामागचं कारण. हुलग्याचा विक्रेत्याने उल्लेखही केला नाही. आजोबांनी पुडी खिशात घातली. घरी चुलीवर बहुधा हुलग्याचं माडगं रटरटत असणार.