वन्यजीव छायाचित्रण: परवडणारी लेन्स कशी निवडावी?

या विषयावर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आमचं बजेट एवढं एवढं आहे, कोणती लेन्स घेऊ?" आम्ही लगेच उत्तर देत नाही. आधी उलट विचारतो, की फोटो कोणाचे काढणार, कुठे काढणार, आणि तो प्राणी किंवा पक्षी तुमच्यापासून किती लांब असणार? असं का विचारतो, ते आमच्याच एका चुकीवरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे ५५-२५० मिलिमीटरची साधी लेन्स होती. मे महिन्यात एका माळावर टिटवी अंड्यांवर बसलेली दिसली. टिटवी काड्यांचं घरटं बांधत नाही. जमिनीवर उथळसा खळगा, आजूबाजूला खडे आणि त्या खड्यांच्याच रंगाची अंडी. फोटोत पक्षी लहान येत होता म्हणून आम्ही चार पावलं पुढे गेलो. मग आणखी चार. टिटवी उठली आणि ओरडत आमच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली. ती परत बसेल, जवळून फोटो मिळेल, या आशेने आम्ही वीसेक मिनिटं तिथेच थांबलो. ती आली नाही. भर उन्हात टिटवी अंड्यांवर सावली धरून बसते, आणि आमच्यामुळे ती अंडी तेवढा वेळ उघडी तापत राहिली. पुढे त्यांचं काय झालं, ते बघायला जाण्याचं धाडस आम्हाला झालं नाही. लेन्स आमची तोकडी होती, पण किंमत टिटवीने मोजली.

आता थोडं गणित करू. घाबरू नका, चौथीचं आहे. टिटवी साधारण ३३ सेंटीमीटर लांब. ती २० मीटरवर आहे आणि तुमच्याकडे ३०० मिलिमीटरची लेन्स आहे. सेन्सरवर तिची प्रतिमा पडते सुमारे ५ मिलिमीटरची. नेहमीच्या क्रॉप सेन्सर कॅमेऱ्यात सेन्सरची रुंदी जवळजवळ २४ मिलिमीटर असते. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर आडवे ६००० पिक्सेल, म्हणजे एका मिलिमीटरला २५०. तुमची टिटवी झाली १२५० पिक्सेलची. चार इंची प्रिंटला किंवा मोबाइलवर दाखवायला हे पुरेसं आहे. ६०० मिलिमीटरची लेन्स लावली तर प्रतिमा दुप्पट होईल. ३०० घेऊन १० मीटरवर गेलात तरी दुप्पटच होईल. मोह इथेच होतो बघा. लेन्सचे पैसे वाचवायचे तर पाय पुढे पडतात.

मग मोठी लेन्स एवढी महाग का? फोकल लेंग्थला अपर्चरच्या आकड्याने भागा. ६०० मिलिमीटर एफ ४ म्हणजे १५० मिलिमीटर. तेवढ्या व्यासाची काच पुढे लागते. तीच ६०० मिलिमीटर एफ ६.३ ला ९५ मिलिमीटरमध्ये भागते. सिग्मा आणि टॅमरॉनच्या बहुतेक १५०-६०० लेन्सना ९५ मिलिमीटरचा फिल्टर लागतो, तो याच हिशोबाने. कॅननची आरएफ ६०० एफ ११ घ्या: जेमतेम ५५ मिलिमीटर, आणि वजन किलोच्या आत. एफ ४ ची लेन्स दहा लाखांच्या पुढे जाते. बाकीच्या त्याच्या कितीतरी खाली. आपण पैसे मोजतो ते मुख्यतः प्रकाशासाठी, लांबीसाठी त्यामानाने कमी.

म्हणून प्रश्न असा करा, की मी जिथे जातो तिथे प्रकाश किती असतो? भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला सकाळी आठ-नऊला होडीतून गेलात, तर उजेड भरपूर असतो. रोहित सव्वा मीटर उंच. चाळीस मीटरवरून ३०० ची लेन्स त्याला फ्रेमच्या निम्म्याहून जास्त उंचीत पकडते. इथे ७०-३०० पुरते, आणि हलत्या होडीत हलकी लेन्स सोयीचीच. ताडोब्यात मात्र पहाटे गेट उघडल्यावर झाडीखाली वाघ दिसला, तर एफ ४ वाल्याचा आयएसओ १६०० असेल तेव्हा एफ ६.३ वाल्याला ४००० लागेल. फोटो रवाळ येईल. आला तर येऊ द्या, रवाळ फोटो हलक्या हाताने साफ करता येतो. हललेला फोटो नाही. आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा कंप थांबवतं, प्राण्याचं हलणं थांबवत नाही. उडत्या पक्ष्याला सेकंदाचा दोन हजारावा भाग शटर लागतोच.

आमचा सल्ला थोडक्यात असा. नवशिक्यांनी आपल्या कंपनीची ५५-२५० किंवा ७०-३०० घ्यावी आणि एक वर्ष तिच्यावर काढावं. पक्ष्यांचीच गोडी लागली तर १५०-६००, किंवा निकॉन वापरणाऱ्यांनी २००-५०० एफ ५.६. या लेन्स दोन किलोच्या आसपास किंवा त्याहून जड आहेत, दिवसभर पायी फिरणाऱ्यांनी आधी खांद्याला विचारावं. स्वस्त झूमवर टेलिकन्व्हर्टर लावू नका. १.४ पटीचा लावला की प्रकाश निम्मा, दोन पटीचा लावला की पाव. ऑटोफोकस चाचपडायला लागतो.

सेकंड हँड घ्यायला हरकत नाही, पण लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्याची ही देणगी. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्स डी ३००० आणि डी ५००० मालिकेच्या कॅमेऱ्यांवर ऑटोफोकस करत नाहीत, कारण त्या कॅमेऱ्यांत मोटर नाही. पैसे देण्याआधी आपल्याच कॅमेऱ्यावर लावून बघा. तिपाई परवडत नसेल तर कापडी पिशवीत तांदूळ भरून शिवून घ्या. जिप्सीच्या दांड्यावर ठेवलेली ती पिशवी उत्तम आधार देते.

उरलेलं अंतर कसं कापायचं? बसून. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तीच २५० ची लेन्स घेऊन एका डबक्याजवळ उजाडायच्या आधी झुडपाआड बसलो. घरट्यांच्या वाटेला गेलो नाही. दीड तासाने टिटवी पाण्यावर आली, वीस मीटरवर. फोटोत ती हजारभर पिक्सेलची आहे. पाणी पिऊन झालं, तिने पंख झटकले आणि ती आपल्या वाटेने चालत गेली. तो फोटो आम्ही सगळ्यांना दाखवतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.