अंगावरून वारे जाण्याआधी

रक्तदाब वाढला तरी बहुधा दुखत-खुपत काही नाही. म्हणूनच तो वेळीच मोजायला हवा!

चेन्नईच्या उत्तर टोकाला, कोसस्थलैयार नदी समुद्राला मिळते तिथे एन्नोर वसले आहे. एकीकडे कोळ्यांची वस्ती, तर दुसरीकडे अशोक लेलँडचा कारखाना, वीज केंद्रांची धुराडी आणि २००१ साली सुरू झालेले बंदर. इथल्या सुक्या मासळीला ‘करुवाडु’ म्हणतात. आपल्या खाऱ्या बांगड्याचाच हा भाऊबंद! मिठामुळे मासळी टिकते, पण तेच मीठ रोज जास्त पोटात गेले की रक्तदाब वाढतो.

आपल्याकडे कुणाचा हात-पाय लुळा पडला की ‘अंगावरून वारे गेले’ म्हणतात. एन्नोरला त्यालाच ‘पक्कवादम्’ म्हणतात. दोन्हीकडे दोष वाताला दिला जातो. खरे पाहता मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबते किंवा फुटते. वाहिनी तुंबलेली असताना मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात, असा अंदाज आहे. तेल चोळण्यात किंवा कबुतराचे रक्त लावण्यात गेलेला वेळ म्हणूनच महाग पडतो.

दहा कारणे, एक मुख्य

भारतासह ३२ देशांत झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार पक्षाघाताचा सुमारे ९० टक्के धोका दहा गोष्टींशी निगडित आहे. उच्च रक्तदाब, तंबाखू, मधुमेह, रक्तातील चरबी, पोटाचा घेर, चुकीचा आहार, व्यायामाचा अभाव, मद्य, मनावरचा ताण आणि हृदयविकार. यात अग्रभागी रक्तदाब. प्रदूषित हवाही धोका वाढवते, हे आता मान्य झाले आहे. एन्नोरचे १९७०चे जुने वीज केंद्र २०१७ साली बंद झाले, पण परिसरातली धुराडी संपली नाहीत. हवा सुधारणे एकट्या कुटुंबाच्या हाती नसते. रक्तदाब मोजून घेणे मात्र असते.

गोळी घरपोच

रोजंदारीच्या माणसाला गोळ्यांसाठी दवाखान्यात रांग लावायची म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. मग गोळी संपते, तरी ‘बरे वाटतेय’ म्हणून ती पुन्हा आणलीच जात नाही. ही अडचण ओळखून तमिळनाडूने ऑगस्ट २०२१ मध्ये ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’, म्हणजे ‘लोकांना शोधत येणारा औषधोपचार’, ही योजना सुरू केली. आरोग्य सेविकांनी घरोघरी जाऊन रक्तदाब मोजायचा, साखर तपासायची आणि गोळ्या हाती द्यायच्या. महाराष्ट्रातही २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सिंधुदुर्ग, सातारा, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे सुरुवातीला निवडले गेले. दोन्हींचा धडा एकच. गोळी सुरू करणे सोपे, ती चालू ठेवणे अवघड. बरे वाटते ते गोळीमुळेच, हे विसरू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नका.

घड्याळ पाहा

तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात उचलता येईना, बोलणे अडखळले, अचानक तोल गेला किंवा दिसेनासे झाले, यांपैकी एक लक्षण दिसले तरी १०८ला फोन करा. माणूस शेवटचा ठीक केव्हा होता, ती वेळ लिहून ठेवा. पाणी, चहा, गोळी काही देऊ नका. घशात अडकू शकते. आणि वाहिनी फुटली असेल तर अॅस्पिरिनने रक्तस्राव वाढेल. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि तेही सी.टी. स्कॅन झाल्यावरच. एन्नोरहून शहरातल्या मोठ्या रुग्णालयाकडे निघाले की रस्त्यात कंटेनरच्या ट्रेलरांची रांग. आपल्या खेड्यातून तालुक्याला जायचे तर घाट. तेव्हा सी.टी. स्कॅनची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे आजच विचारून ठेवा. लक्षणे दहा मिनिटांत नाहीशी झाली तरी जाच. ती मोठ्या झटक्याची पूर्वसूचना असू शकते.

घरच्या मिठाच्या बरणीवर बहुधा गृहिणीचेच राज्य असते. माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका छोट्या सपाट चमच्यापेक्षा, कमी मीठ पुरे. त्यात पापड, लोणचे, सुकी मासळी सगळे आले. येत्या रविवारी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा रक्तदाब मोजून घ्या. १४०/९० किंवा त्याहून जास्त दिसला तर डॉक्टरांना भेटा. आणि हो, सगळ्यांचे झाले की आपला हात पुढे करायला विसरू नका!