सायकलचा प्रश्न आणि इंग्रजीतले उत्तर

तोंडी परीक्षेत किंवा मुलाखतीत ‘डू यू राइड अ बायसिकल?’ असा प्रश्न आला की आपल्याला हायसे वाटते. सोपा प्रश्न! मग बहुतेक जण एकच उत्तर देतात: सायकलिंग तब्येतीला चांगले, पेट्रोल वाचते, प्रदूषण होत नाही. यात चूक काही नाही. पण जन्मात सायकलला हात न लावलेला मुलगाही हेच उत्तर देऊ शकतो. समोरच्याला तुमच्याविषयी काहीच कळत नाही.

मित्रांनो, आपल्यासाठी हा प्रश्न किरकोळ नाही. एसएसबीला पीआयक्यू फॉर्ममध्ये आपले खेळ आणि छंद लिहावे लागतात आणि मुलाखत घेणारे अधिकारी त्यावरून प्रश्न विचारतात. तिथे ‘सायकलिंग’ लिहिले की किती, कुठे, कधीपासून, का अशी रांगच लागते. शिवाय खडकवासल्याला एनडीएत कॅडेटचे रोजचे येणे-जाणे सायकलवरच असते.

म्हणून आधी उत्तरात काय असावे ते पाहू. तीन गोष्टी पुरतात: थेट उत्तर, एखादा आकडा आणि स्वतःचे कारण. सुट्टीत मी बेंगळुरूला यशवंतपूरच्या घरी असतो. तिथले माझे उत्तर असे: ‘येस सर. आय राइड थ्री मॉर्निंग्ज अ वीक, फॉर अबाउट फॉर्टी मिनिट्स. आय लीव्ह बिफोर सिक्स, बिकॉज आफ्टर एट देअर इज टू मच ट्रॅफिक ऑन तुमकूर रोड.’ वाक्ये साधीच आहेत. पण पुढचा प्रश्न कुठून येणार हे यातच ठरते. ‘एवढी गर्दी का?’ असे विचारले तर सांगायला माझ्याकडे खरी माहिती आहे: यशवंतपूरचे मार्केट यार्ड, तिथला कांदा-बटाटा, रेल्वे स्टेशन, आणि हाच रस्ता पुढे बेळगाव, कोल्हापूर, पुण्याकडे जाणारा महामार्ग 48 आहे. जे रोज पाहतो ते पाठ करावे लागत नाही.

आता भाषा. आपल्या बऱ्याच चुका मराठीतून येतात. त्यांचे मूळ कळले की त्या सुटतात.

1. मराठीत आपण सायकल ‘चालवतो’ आणि मोटारही ‘चालवतो’. इंग्रजीत मोटार ‘ड्राइव्ह’ करतात, सायकल ‘राइड’. ‘आय ड्राइव्ह अ सायकल’ म्हणू नये.

2. ‘मी रोज सायकल चालवत असतो’ याचे आपण ‘आय एम राइडिंग डेली’ करतो. सवय सांगताना साधा वर्तमानकाळ हवा: ‘आय राइड एव्हरी डे.’

3. ‘सात वर्षांचा असल्यापासून चालवतो’ हे ‘आय हॅव बीन राइडिंग सिन्स आय वॉज सेव्हन’ असे होते. सुरुवात सांगायची तर ‘सिन्स’, एकूण काळ सांगायचा तर ‘फॉर’: ‘फॉर एट इयर्स.’

4. ‘बाय माय सायकल’ नको. ‘बाय सायकल’ म्हणा, नाहीतर ‘ऑन माय सायकल’.

5. चेन पडली म्हणजे ‘द चेन केम ऑफ’. हवा भरली म्हणजे ‘आय पम्प्ड अप द टायर्स’. पंक्चर झाले म्हणजे ‘आय हॅड अ पंक्चर’.

6. उच्चारही पाहा. ‘मोटरसायकल’मध्ये ‘साय’ आहे, पण ‘बायसिकल’मध्ये ‘सि’ आहे. ‘बायसायकल’ असे म्हणत नाहीत.

छंद म्हणून सायकलिंग लिहिणाऱ्याला त्या खेळातली चार नावे माहीत असावीत. अमेरिकेत पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत होते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये ती दोघांच्या गटात पूर्ण केली. 2017 मध्ये लष्करातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या आत संपवली. अशी माहिती सांगताना एक वाक्य पुरे. आपण मुलाखतीला जातो ते स्वतःबद्दल बोलायला.

सराव कसा करावा? वसतिगृहात मोबाइल नसतो, पण शेजारच्या पलंगावर जोडीदार असतो. दिवे मालवण्याआधी पाच मिनिटे काढा. एकाने प्रश्न विचारायचा, दुसऱ्याने अर्धा मिनिट बोलायचे. मग विचारणाऱ्याने त्याच उत्तरातला एक शब्द पकडून तीनदा खोदायचे: ‘व्हाय?’, ‘हाउ ऑफन?’, ‘व्हॉट हॅपन्ड देन?’ तिसऱ्या प्रश्नापर्यंत पाठांतर संपते आणि खरे बोलणे सुरू होते. वाक्य अडले तर मराठीत शिरू नका. त्याहून छोटे इंग्रजी वाक्य शोधा.

आई-बाबांनाही यात मदत करता येईल आणि त्यासाठी इंग्रजी यायलाच हवे असे नाही. रविवारच्या फोनवर ‘किती? कुठे? कशासाठी?’ एवढे मराठीत विचारले तरी मुलाच्या डोक्यात मुद्दे तयार होतात. मुद्दे नसले की इंग्रजीही अडखळते.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. सायकल चालवत नसाल तर चालवतो असे सांगू नका. ‘आय यूज्ड टू राइड टू स्कूल इन माय व्हिलेज, बट आय डोंट राइड मच नाऊ, सर’ हे उत्तम उत्तर आहे. ‘यूज्ड टू’ म्हणजे पूर्वी सवय होती, आता नाही. वाक्य बरोबर आहे, खरे आहे आणि त्यावर कितीही प्रश्न आले तरी तुम्ही डगमगणार नाही.