पाऊस दुप्पट, पाणी चौपट

मुंबईच्या जुन्या पावसाळी वाहिन्या तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या आणि त्यातले निम्मे पाणी जमिनीत मुरेल, असे त्या हिशेबात धरलेले होते. मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरील 1993 च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने पाऊस तासाला 50 मिलिमीटर धरला आणि मुरणारे पाणी शून्य. पाऊस दुप्पट झाला, पण वाहून न्यायचे पाणी चौपट झाले. यातली एक दुप्पट आभाळाची. दुसरी आपण जमिनीवर घातलेल्या काँक्रीट-डांबराच्या झाकणाची. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला दिवसभरात पडलेला 944 मिलिमीटर पाऊस कोणत्याच गटारात मावला नसता, हे खरे. पण दर पावसाळ्यात रस्ते बुडवणारा पाऊस इतका अचाट नसतो. त्याला हे झाकणच पुरते.

पुणे आज त्याच वाटेवर आहे. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे महापालिकेत आली. शेताच्या जागी इमारती, पार्किंग आणि पेव्हर ब्लॉक आले. एका गुंठ्यावर तासात 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी होते सुमारे पाच हजार लिटर. एकरभर जागेचे दोन लाख, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. शेताच्या बांधांत हे पाणी थबकत असे, आता ते काही मिनिटांत ओढ्यात येते. आणि त्याच ओढ्याचे पात्र भराव टाकून, सीमाभिंती बांधून, अरुंद मोऱ्या घालून आपण आवळलेले असते. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या डोंगराकडून आलेल्या आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, सहकारनगरपासून दांडेकर पुलापर्यंत हाहाकार केला. त्या पावसात पुणे आणि परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. ओढ्याकाठच्या वस्त्यांकडे बोट दाखवणे सोपे असते, पण त्यांच्या दारात आलेले पाणी वरच्या अंगाच्या छपरांवरून आणि रस्त्यांवरूनही आलेले असते.

पुण्याखाली काळा कातळ आहे, पाणी मुरणार कुठे, असा आक्षेप अभियंते घेतात. तो रास्त आहे, म्हणूनच केवळ शोषखड्ड्यांवर भिस्त ठेवता येत नाही. परंतु पूर टाळायला पाणी मुरलेच पाहिजे असे नाही. ते दोन-चार तास अडले तरी पुष्कळ. इमारतीखालची टाकी, खोलगट बाग, पावसात तळे होऊ शकणारे मैदान यांनी हे साधते. गटारे मोठी केली तर पाणी फक्त अधिक वेगाने खालच्या वस्तीवर जाते. घरे महागतील, हा दुसरा आक्षेप. महागतीलही थोडी. पण आज तोच खर्च चिखल उपसणारी, भिंती कोसळलेली कुटुंबे भरत आहेत, आणि हे मला उघड अन्याय्य वाटते.

नव्या गावांत अजून वेळ गेलेली नाही. तिथले लहान-मोठे ओढे जागेवर जाऊन मोजावेत आणि रस्ते आखण्याआधी त्यांची रुंदी नकाशावर पक्की करावी. बांधकाम परवानगीच्या अर्जात एक प्रश्न सक्तीचा करावा: या जागेतून पूर्वी किती पाणी बाहेर जात होते, आणि इमारत झाल्यावर किती जाईल? दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल, तर परवानगी देऊ नये.